चार करार झाले, काम कुठेच नाही: दुसऱ्या खंडातल्या विद्यापीठाशी भागीदारी कशी उभी राहते?

प्रश्न: सातारा जिल्ह्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो, आणि आंतरराष्ट्रीय संबंध कक्षाचं कामही माझ्याकडेच आहे. गेल्या काही वर्षांत जर्मनी, ब्रिटन, मलेशिया आणि केनिया इथल्या एकेका संस्थेशी आमचे सामंजस्य करार झाले. सह्या झाल्या, फोटो निघाले, पुढे काहीच हललं नाही. आता प्राचार्य म्हणतात, आणखी दोन करार करून टाका. खरोखर चालेल अशी भागीदारी उभी करायची तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर: प्राचार्यांचा आग्रह कुठून येतो ते समजण्यासारखं आहे. नॅक म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय संस्था; तिच्या मूल्यांकनात करारांची मोजदाद होते, म्हणून जो तो करार गोळा करत सुटला आहे. पण नॅकला हवे असतात ते चालू करार, आणि त्यांच्याखाली काय काम झालं त्याचा पुरावा. कपाटात पडलेले सहा करार दाखवण्यापेक्षा एका कराराखाली झालेले तीन उपक्रम दाखवणं त्या हिशेबातही सरस ठरतं. प्राचार्यांशी बोलताना हाच मुद्दा पुढे करा, तो लगेच पटतो.

तुमच्या चारही करारांचा मजकूर न वाचताही मला बहुतेक पाठ आहे. परस्पर हिताच्या क्षेत्रांत सहकार्य, अध्यापक आणि विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, संयुक्त परिषदा, आणि शेवटच्या कलमात कोणत्याही पक्षावर आर्थिक जबाबदारी नाही. म्हणजे पत्रिका जुळल्या, एवढंच. हा कागद निरुपयोगी नाही. पुढे व्हिसाच्या पत्राला किंवा अनुदानाच्या अर्जाला तो जोडावा लागतो. पण त्याने काम सुरू होत नाही. जिथे काम आधी सुरू झालं आणि त्याला मंजुरी, पैसा, क्रेडिट यांची गरज पडली म्हणून करार झाला, तिथे तो करार जगतो.

या क्षेत्रातलं सर्वांत अभ्यासण्याजोगं उदाहरण आफ्रिका आणि अमेरिकेतलं आहे: केनियातल्या एल्डोरेटचं मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इंडियानाचे काही डॉक्टर विकसनशील देशातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाशी कायमचं नातं जोडायच्या शोधात होते. मोई विद्यापीठ १९८४ सालचं, आणि केनियातलं दुसरं वैद्यकीय महाविद्यालय तिथे नुकतंच आकार घेत होतं. अधिष्ठाता हरून मेंगेच यांना शिक्षक हवे होते, पण महाविद्यालय कोणाच्या हाती सोपवायचं नव्हतं. इंडियानाच्या बाजूला जो मॅमलिन, बॉब आइन्टर्झ आणि त्यांचे सहकारी. दोन्हीकडच्या गरजा सुरुवातीलाच उघड बोलल्या गेल्या, हे या जोडणीचं पहिलं बळ.

दुसरं बळ जास्त महत्त्वाचं. १९९० पासून इंडियानाचा एक वरिष्ठ डॉक्टर एल्डोरेटमध्ये मुक्कामाला असायचा, असा शिरस्ता पडला. आठवड्याभराची भेट, दोन व्याख्यानं आणि सफारी करून परतणारा पाहुणा नव्हे. वॉर्डात राउंड घेणारा, विद्यार्थ्यांना शिकवणारा, वीज गेली की इतरांबरोबर अंधारात बसणारा सहकारी. विभागाला विभाग जोडलेला: इकडचे बालरोगतज्ज्ञ तिकडच्या बालरोगतज्ज्ञांशी, औषधवैद्यक तिकडच्या औषधवैद्यकाशी. आणि वाहतूक दुहेरी. अमेरिकन विद्यार्थी एल्डोरेटला जात, तसे केनियातले विद्यार्थी इंडियानाच्या रुग्णालयांत काही आठवडे शिकून येत.

मग एचआयव्हीची साथ आली. वॉर्डात तरुण माणसं मरत होती आणि औषधं परवडण्यापलीकडे होती. २००१ मध्ये या दोन संस्थांनी ॲम्पाथ नावाचा उपचार कार्यक्रम सुरू केला. पुढे त्यात उत्तर अमेरिकेतली आणखी विद्यापीठं आली आणि पश्चिम केनियात त्याचं मोठं जाळं झालं. वैद्यकीय शिक्षणासाठी जोडलेल्या दोन संस्थांना इतकं मोठं काम कसं झेपलं? दहा वर्षांची ओळख आधीच होती. कोण शब्द पाळतो, कोणाच्या सहीने फाइल हलते, कोणाला रात्री फोन केला तर चालतो, हे दोन्हीकडे माहीत होतं. मोठा निधी नंतर आला. आपल्याकडे उलटं चालतं: आधी मोठ्या अनुदानाची जाहिरात दिसते, मग पंधरा दिवसांत भागीदार शोधण्याची धावाधाव.

आपल्या देशातही याचा एक जुना नमुना आहे. आयआयटी कानपूरला उभं करण्यासाठी १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं एमआयटी, बर्कली, कॅलटेक, प्रिन्स्टन, पर्ड्यू धरून नऊ अमेरिकन संस्थांचा गट काम करत होता. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० संगणक आला, आणि देशातलं संगणकशिक्षण त्याच्याभोवती सुरू झालं, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की कार्यक्रमाचा अमेरिकन प्रमुख कानपूरलाच राहत असे. पहिला एमआयटीचा नॉर्मन डाल. आणि संस्थेची सूत्रं पूर्णपणे पहिले संचालक पु. का. केळकर यांच्याकडे होती. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेला, आयआयटी मुंबईच्या आखणीत राबलेला हा माणूस. पाहुण्यांकडून काय घ्यायचं आणि काय नाही याची यादी त्यांच्या डोक्यात पक्की होती. यजमानाला आपली गरज नेमकी ठाऊक असेल तर नऊ पाहुणे आले तरी घर त्याचंच राहतं.

तुमच्या महाविद्यालयाला कोणाला नैरोबीत वर्षभर ठेवणं परवडणार नाही, हे उघड आहे. पण यातून घ्यायचं ते घेता येतं. दरवर्षी पाच जणांचं शिष्टमंडळ पाच दिवसांसाठी पाठवण्याच्या खर्चात एक अध्यापक सहा-आठ आठवडे तिकडे राहू शकतो. त्याला तिथे वर्ग द्या, क्षेत्रभेटीला जाऊ द्या, विभागाच्या बैठकीत मागच्या खुर्चीत बसू द्या. परतल्यावर त्याच्याकडे जी माहिती असते ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. शिष्टमंडळ पाठवणं बंद करा असं मी सांगितलं की संस्थाचालक नाराज होतात, पण सल्ला तोच.

आता भागीदार कोण, हा प्रश्न. क्रमवारी बघून विद्यापीठ निवडू नका. विषय बघून विभाग निवडा. आणि त्याआधी स्वतःला विचारा: आपल्याकडे असं काय आहे, ज्यासाठी समोरच्याने आपल्याकडे यावं? 'आमच्याकडे हुशार विद्यार्थी आहेत' हे उत्तर सगळेच देतात. महाडसारख्या गावात रुग्ण तपासत हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार बसवला आणि १९८६ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. प्रश्न कोकणातला होता, रुग्ण कोकणातले होते, म्हणून जगाला तिकडे बघावं लागलं. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगर आणि खंडोबाच्या अभ्यासासाठी आयुष्यभर महाराष्ट्रात येत राहिले; ते ज्ञान जर्मनीत मिळणारच नव्हतं.

तुमच्याकडे काय आहे? माण आणि खटाव हे दुष्काळी तालुके आहेत. तुमचे विद्यार्थी ज्या गावांतून येतात तिथे सलग समतल चर, वनराई बंधारे, टँकर आणि चारा छावण्या यांचा अनुभव पिढीजात आहे. आणि चारपैकी एक करार केनियातला आहे! केनियाच्या मचाकोस, किटुई, माकुएनी या कोरड्या भागांत हंगामी नद्यांवर वाळूचे बंधारे बांधतात. पात्रात आडवी दगडी भिंत घालायची, पुराबरोबर आलेली वाळू तिच्यामागे साठू द्यायची, आणि वाळूच्या पोटात पाणी राखायचं. वर बाष्पीभवन कमी, खाली झरा. तिकडे वाळू पाणी धरते आणि इकडे माणगंगेच्या पात्रातून वाळू उपसली जाते. अर्थात उपशाचा त्रास त्यांनाही आहे. माकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळूसंवर्धनाचा स्वतंत्र कायदाच केला. दोन्हीकडच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्या: तुमच्या गावातली वाळू कोणाची? यातून शोधनिबंध निघेल, अभ्यासक्रम निघेल, आणि पुढे तिसरा भागीदार हवाच असेल तर जर्मन संस्थेला जलशास्त्राच्या बाजूने आत घेता येईल. असा प्रश्न सापडेपर्यंत नवीन करार करू नये असं माझं मत आहे.

सुरुवात लहान ठेवा. दोन अध्यापक, दोन वर्ग, चार ते सहा आठवडे, ऑनलाइन. मिश्र गट करा, एकत्र काम द्या, गुण दोघांनी मिळून द्या. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २००६ पासून ही पद्धत रुळवली आणि ती आता जगभर चालते. तिला वेगळी मंजुरी लागत नाही, कारण प्रत्येक विद्यार्थी आपल्याच संस्थेचा आपलाच पेपर शिकत असतो. केनियाशी आपलं अंतर अडीच तासांचं, त्यामुळे आपल्या दुपारी त्यांचा सकाळचा वर्ग सहज जुळतो. जर्मनीशी साडेतीन किंवा साडेचार, ऋतूनुसार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी जोडणी केली तर एका बाजूला कोणीतरी रात्री जागणार, आणि तीन आठवड्यांनी तो वैतागणार.

वेळेपेक्षा जास्त त्रास कॅलेंडर देतं. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. ते सुरू होतात तेव्हा आपल्याकडे परीक्षा आणि दिवाळी. खरी एकत्र खिडकी उघडते ती जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. दक्षिण आफ्रिका किंवा ऑस्ट्रेलियाचं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं. त्यांच्याशी जुलै ते सप्टेंबर चांगला जमतो. दोन्ही कॅलेंडरं एका कागदावर काढून रंगवा. अनेक भागीदाऱ्या तिथेच अडकतात आणि दोष मात्र 'प्रतिसाद नाही' याला दिला जातो.

पुढची पायरी क्रेडिटची, म्हणजे पेपरमागचं काम मोजायच्या एककाची. इथे लोक घाबरतात, पण गणित शाळेतलंच आहे. युरोपात पूर्ण वर्ष ६० क्रेडिटचं, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्ष ४० क्रेडिटचं आणि एकूण १२०० तासांचं. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट, प्रत्येकी १० तास. आता जर्मन संस्थेचा ६ क्रेडिटचा पेपर तुमच्याकडे किती धरायचा? वर्षातला वाटा बघितला तर दहावा हिस्सा, म्हणजे ४. तास मोजले तर १५० ते १८०, म्हणजे ५ किंवा ६. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, म्हणूनच भांडण होतं. विद्यार्थी पाठवण्याआधी एक पद्धत ठरवा, तक्ता करा आणि तो अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेकडून मंजूर करून घ्या. नाही तर मुलगा परत येतो, त्याच्या हातात गुणपत्रिका असते, आणि परीक्षा विभाग विचारतो, हे कुठे बसवायचं?

संयुक्त किंवा दुहेरी पदवीचा विषय आत्ताच काढू नका. २०२२ च्या यूजीसी विनियमांत नॅकचा किमान ३.०१ गुणांक, राष्ट्रीय क्रमवारीतलं पहिल्या शंभर विद्यापीठांतलं स्थान किंवा उत्कृष्ट संस्थेचा दर्जा यांपैकी काहीतरी असावं लागतं, आणि समोरच्या संस्थेलाही जागतिक क्रमवारीची अट आहे. ट्विनिंगमध्ये, म्हणजे पदवी इथली आणि अभ्यासाचा काही भाग परदेशातला अशा व्यवस्थेत, परदेशी क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंत. संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेचा किमान ३० टक्के वाटा. शिवाय स्वायत्त असलात तरी पदवी तुमचं विद्यापीठ देतं, म्हणजे टेबलावर तिसरा पक्ष आहेच. पीएच.डी.च्या पातळीवर हे चांगलं चाललेलं बघायचं असेल तर पवईत जा: आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचं मोनॅश विद्यापीठ यांनी २००८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संशोधन अकादमीच काढली. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्हीकडचा मार्गदर्शक असतो. तेवढं स्वतंत्र यंत्र उभं केलं तेव्हा ते चाललं, हे विसरू नका.

आता पैसा. यात एक गोष्ट आपल्या लोकांना धक्का देते. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या मोठ्या संशोधन कार्यक्रमात भारतीय संस्था सहभागी होऊ शकते, पण तिला आपोआप पैसे मिळत नाहीत. आपला खर्च सहसा आपणच, किंवा दिल्लीतल्या एखाद्या विभागाच्या पूरक योजनेतून, उभा करायचा असतो. केनिया मात्र थेट निधीस पात्र देशांत आहे. म्हणजे तुम्ही, नैरोबी आणि जर्मनी असा त्रिकोण केलात, तर तिघांत बिनपैशाचे तुम्हीच. हे पहिल्या बैठकीत माहीत असलेलं बरं. युरोपीय संघाच्याच इरॅस्मस योजनेतल्या विद्यार्थी-अध्यापक देवाणघेवाणीसाठी अर्ज युरोपीय संस्थाच करते आणि पैसा तिच्याकडे येतो, म्हणून जर्मन बाजूच्या कार्यालयात कोण बसतं त्याचं नाव तुम्हाला ठाऊक हवं.

परदेशातून थेट अनुदान येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा. नोंदणी आहे का, की तुमची संस्था सूट मिळालेल्या वर्गात मोडते, हे आधी लेखापालाकडून लेखी घ्या. २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी निधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि आलेला निधी पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. 'पैसे आमच्याकडे घेतो आणि गावातल्या सामाजिक संस्थेला देतो' अशी योजना अर्जात लिहिली असेल तर ती तिथेच संपली.

एकाच देणगीदारावर सगळं टेकवू नका. २०२१ मध्ये ब्रिटनने विकासनिधी कापला आणि तिथल्या संशोधन परिषदांच्या खात्यात दिलेल्या शब्दांपेक्षा १२ कोटी पौंड कमी पडले; अर्ध्यावर आलेले आंतरखंडीय प्रकल्प आटोपते घ्यावे लागले. २०२५ मध्ये परदेशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही सरकारी संस्था गुंडाळली गेली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी परदेशी उप-अनुदानांची जुनी पद्धत थांबवली. एल्डोरेटसारख्या जुन्या कामालाही याची झळ लागली. अशा वेळी टिकतं ते दोन्ही संस्थांच्या नेहमीच्या पगारावर आणि वेळापत्रकावर चालणारं: सामायिक पेपर, विद्यार्थ्यांचे गट, संयुक्त मार्गदर्शन. म्हणून मूळ काम बिनअनुदानाचं ठेवा आणि अनुदान आलं की त्यावर प्रवास, उपकरणं, शिष्यवृत्ती चढवा.

माती, बियाणं, रक्त, नकाशे यांपैकी काहीही सीमेपलीकडे जाणार असेल तर थांबा. जैविक नमुन्यांसाठी २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचं राष्ट्रीय प्राधिकरण, आरोग्यविषयक संशोधनाला आयसीएमआरमार्फत चालणारी छाननी समिती. पेटंट निघण्यासारखं काही असेल तर पेटंट कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय आधी परदेशात अर्ज करायचा नसतो. या परवानग्यांना महिने लागतात; परदेशी सहकाऱ्याला पहिल्या महिन्यातच सांगा.

निबंधावर नावं कोणाची आणि कोणत्या क्रमाने, हे आधार-सामग्री गोळा करण्याआधी लिहून ठेवा. आफ्रिकेतल्या विद्यापीठांना या बाबतीत कडू अनुभव आहेत: बाहेरचा संशोधक येतो, नमुने नेतो, निबंधात स्थानिक सहकारी आभारांपुरता उरतो. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या उच्चशिक्षण संस्थांनी संशोधन-सहकार्याची आपली सनदच जाहीर केली. केनियाशी बोलण्याआधी ती जरूर वाचा. आपण युरोपासमोर बसतो तेव्हा हा अन्याय आपल्याला बरोबर दिसतो. पण नैरोबीच्या विमानातून उतरलेला भारतीय प्राध्यापकही कधीकधी तसाच वागतो, प्रश्नावली पुण्यात छापून घेऊन जातो. प्रश्नावली तिकडच्या माणसाबरोबर बसून करा.

माणसं बदलतात, त्याचाही विचार हवा. आपल्याकडे कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची. नवे आले की आधीच्यांचे करार मागे पडतात. प्रत्येक बाजूला दोन जण नेमा, एक ज्येष्ठ आणि एक जो अजून पंधरा वर्षं नोकरीत असेल. करारात बाहेर पडण्याचं कलमही असू द्या, आणि त्यात मधेच अडकलेल्या विद्यार्थ्यांचं काय होणार ते स्पष्ट लिहा. येल आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचं संयुक्त महाविद्यालय २०१३ मध्ये गाजावाजात सुरू झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये ते बंद करत असल्याची घोषणा अचानक झाली. तरी तिथे आत असलेल्या तुकड्यांना पदवीपर्यंत शिकू दिलं गेलं. तेवढी तरतूद कोणत्याही करारात असायलाच हवी.

तुमच्या चार करारांचं म्हणाल तर: ब्रिटन आणि मलेशियाचे मुदत संपेपर्यंत तसेच राहू द्या, नूतनीकरण करू नका. जर्मनीच्या संस्थेला एक ईमेल लिहा, आणि त्यात त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाऐवजी जलशास्त्र किंवा भूगोलाच्या एखाद्या अध्यापकाचं नाव घ्या. केनियाच्या बाजूला थेट भूगोल विभागप्रमुखांना फोन करा. वाळूच्या बंधाऱ्यांवर त्यांच्याकडे कोण काम करतं, त्यांचा पुढचा सेमिस्टर कधी सुरू होतो आणि वर्गात किती विद्यार्थी आहेत, एवढं विचारा. उत्तर आलं की दोन कॅलेंडरं समोर ठेवून सहा आठवडे ठरवा. प्राचार्यांना पुढचं कळवायचं ते त्यानंतर, तारखांसह.